खालच्या कप्प्यातला फिल्टर

चंद्रप्रकाश धुरीला माणूस वाचता यायचा, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. शिक्षण बेताचं, पण गाडीतून उतरणाऱ्याच्या पायांकडे एकदा बघितलं की हा किती चौकशी करणार, ते त्याला कळायचं. चकचकीत बूट असले तर जपून. जुने पण पॉलिश केलेले असले तर आणखी जपून, कारण तो हमखास बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा काढून वाचतो. रबरी चपला असल्या तर विचारच करायचा नाही. अंधेरीत लिंक रोडच्या आतल्या बाजूला 'केयूर झटपट ऑइल सेंटर' नावाचं दुकान होतं. तिथल्या काउंटरवर तो अकरा वर्षं बसत होता, आणि ह्या विद्येत त्याचा हात धरणारं त्या रस्त्यावर कोणी नव्हतं.

ही विद्या लागायची ती फिल्टरसाठी. दुकानात भाव एकच होता आणि बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. ऑइल, फिल्टर, मजुरी सगळं त्यात. वीस मिनिटांत गाडी बाहेर. फिल्टर कुठला घालणार, एवढं मात्र बोर्डावर नव्हतं. ते चंद्रप्रकाशच्या पाठीमागच्या कपाटात होतं. वरच्या कप्प्यात गाडीच्या कंपनीचे फिल्टर, मधल्या कप्प्यात दुसऱ्या चांगल्या नावाचे आणि खालच्या कप्प्यात बिनानावाचे. तिन्हींचं तोंड सारखं, आटे सारखे, तिन्ही एकाच गाडीला बसायचे. बिनानावाचे रंगानं तर सगळ्यांत देखणे. फरक सगळा पोटात. आतला कागद विरळ, आणि गाडी बंद झाली की ऑइल खाली उतरू नये म्हणून आत जो रबराचा पडदा असतो, तो चार दिवसांत पापडासारखा कडक. जो विचारेल त्याला वरचा, ज्याला अर्धवट कळतं त्याला मधला, आणि जो काहीच विचारत नाही त्याला खालचा. दुकानाचे मालक केयूरशेठ ह्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. "चंदूभाई, जरा बघून," एवढंच म्हणायचे. चंद्रप्रकाश बघायचाच.

हा माणूस वाईट होता का? तसं म्हणाल तर नाही. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी पंधरा वर्षं वॉचमनकी करून घर चालवलं, ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. कुणाचा पैसा बुडवला नाही, कुणावर हात उगारला नाही, गणपतीला न चुकता गावी जायचा. पण आपण काही चोरत नाही, फक्त 'बघून देतो', असं स्वतःला समजावत माणूस किती लांब जाऊ शकतो, ह्याला काही हिशेब नाही.

एका सोमवारी दुपारी दुकानात एक छोटा टेम्पो आला. मागून बर्फाचं पाणी गळत होतं आणि मासळीचा वास टेम्पोच्या दोन पावलं पुढे चालत होता. चंद्रप्रकाशनं रुमाल काढून नाकाला लावला. मालवणी माणूस, रविवारी ह्याच वासावर ह्याला दोन घास जास्त जायचे, पण सोमवार पडला की वास परक्याचा होतो. टेम्पो चालवणारा पंचविशीतला गडी उतरून फोनवर बोलत रस्त्याच्या कडेला गेला. त्याच्या मागून साठीची एक बाई उतरली. अंगात गाऊन, त्यावर टॉवेल, कानात जाड सोनं आणि पायात रबरी चपला. चंद्रप्रकाशनं पाय बघितले आणि त्याचा हात खाली गेला.

बाई काउंटरशी येऊन उभी राहिली. तिनं आधी बोर्ड बघितला, मग कपाट. सावकाश, वरपासून खालपर्यंत.

"तीन ठिकानी तीन दिसतान," ती म्हणाली. "चांगला कंचा?"

आता आली का पंचाईत. रबरी चपला आणि वर प्रश्न, हे चंद्रप्रकाशच्या शास्त्रात नव्हतं. पण खालचा डबा हातात आलेला होता, आणि हातात आलेली वस्तू परत ठेवणं म्हणजे आपला अंदाज चुकला असं कबूल करणं.

"मावशी, ह्या गाडीला हाच येतो," तो म्हणाला. "दुसरा बसतच नाही."

"मंग त्योच घाल. मना काय कलतं त्यातलं? तुला कलतं."

खाली खड्ड्यात देवेश उभा होता. ऑइल काढणं, फिल्टर आवळणं हे त्याचं काम. सकाळीच त्यानं एका कुरियरवाल्याच्या अगदी अशाच टेम्पोला मधल्या कप्प्यातला फिल्टर बसवला होता. त्यानं मान वर करून चंद्रप्रकाशकडे बघितलं, डबा घेतला आणि परत खाली वाकला. त्यालाही घर होतं.

वीस मिनिटांत काम झालं. बाईनं टॉवेलाच्या गाठीतून पैसे काढून दिले. तो गडी, तिचा मुलगा, गाडीत बसला. ती चढताना थांबली आणि मागे वळून म्हणाली, "प्रेमाचा गुडगा कसा हाय आता?"

"कोण प्रेमा?" चंद्रप्रकाशनं विचारलं.

बाई हसली. "अरं, तुझी बायको. मी सरूबाय. गोरेगावच्या बाजारात बावीस वर्सं माझ्याकडना म्हावरा नेते ती. तू भायेर स्कूटरवर बसतस, हेल्मेट घालून. मी तुला दर रविवारी बगते. दुकानाचा पत्ता प्रेमानंच दिलेला."

सरूबाई. हे नाव त्याच्या घरात बावीस वर्षं, मिठामसाल्यासारखं, रोज उच्चारलं जात होतं. सरूबाईनं बांगडा दिला, सरूबाईनं कोलीम जास्त घातली, सरूबाईच्या सुनेला मुलगी झाली. त्यानं तिचं तोंड मात्र कधी बघितलं नव्हतं. बाजारातल्या चिखलात बूट खराब होतात म्हणून तो आत जायचा नाही. आजही त्यानं बघितले ते पायच.

"मग मघाशी का नाही सांगितलंत?" तो कसाबसा म्हणाला.

"सांगितलं असता तर तू पैसं कमी घेतलं असतंस. धंद्यावर बसल्या मानसाला कशाला पेचात टाकायचा? माझ्याकडं येतान ना वलखीचे, मना ठावं हाय." आणि मुलाला म्हणाली, "चल मितेश."

इथे एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे. त्या क्षणी चंद्रप्रकाशनं नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. फिल्टर बदलायला पाच मिनिटं लागतात. वरच्या कप्प्यात त्याच मापाचे सहा डबे होते. देवेश पाना हातात घेऊन उभाच होता. तो बहुतेक वाटच बघत होता. पण मग 'दुसरा बसतच नाही' ह्याचं काय करायचं? ते वाक्य बोलून वीस मिनिटं झाली होती आणि ते आता काउंटरवर त्याच्या शेजारी ऐसपैस बसलं होतं. चंद्रप्रकाशनं मूग गिळले. टेम्पो गेला. देवेशनं पाना खाली ठेवला.

पुढच्या रविवारी तो नेहमीप्रमाणे बाजाराच्या दाराशी स्कूटरवर बसून राहिला. हेल्मेट काढलं नाही. प्रेमा पिशवी घेऊन आली ती फुललेल्या चेहऱ्यानं.

"अहो, सरूबाई तुमच्या दुकानात येऊन गेली, मला बोलला पण नाहीत तुम्ही! पूर्ण रांगेला सांगत होती. प्रेमाच्या नवऱ्यानं स्वतः लक्ष घालून काम केलं, दुसऱ्यानं काहीतरी गळ्यात मारलं असतं."

"हं," चंद्रप्रकाश म्हणाला आणि स्कूटर चालू केली.

घरी आल्यावर त्यानं पिशवीत बघितलं. पापलेटं होती, आरशासारखी. त्याला पहिल्यांदाच जाणून घ्यावंसं वाटलं की ही निवड होते कशी. "तू कल्ले वर करून बघतेस का?" त्यानं विचारलं. "दाबून बिबून?"

"छे. मी पिशवी पुढे करते आणि म्हणते, घरापुरतं द्या. ती देते." प्रेमा कांदा चिरता चिरता म्हणाली. "पहिल्या वर्षी एकदा कल्ला वर केला होता मी. ती म्हणाली, तुला बघायचा असेल तर बघ, पण मंग रोजच बघावा लागंल. तेव्हापासून नाही बघत. एकदाही खराब निघालं नाही."

चंद्रप्रकाश जेवला, पण पापलेट त्याला गिळवेना. बायकोनं मीठ कमी झालं का म्हणून विचारलं, तर तो पोट बरं नाही म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. बावीस वर्षं एक बाई दुसरीच्या पिशवीत डोळे झाकून चांगलं घालत आली, आणि त्याच बाईनं त्याच भरवशावर त्याच्यापुढे गाडी उभी केली, तर ह्यानं काय केलं? त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटली. ऑइलचे हात नव्हते ते. ऑइलचे तर देवेशचे होते. त्याचे हात स्वच्छच असायचे.

सोमवारी त्यानं वरच्या कप्प्यातला एक डबा रीतसर पैसे भरून विकत घेतला आणि स्कूटरच्या डिकीत ठेवला. देवेश म्हणाला, "आता तरी जा आणि बोल रे तिच्याशी. मी येऊन बसवून देतो, हाय काय नि नाय काय."

"ह्या रविवारी जातो," चंद्रप्रकाश म्हणाला.

त्या रविवारी नाही गेला. त्याच्या पुढच्याही नाही. दाराशी बसून तो आतल्या ओट्यांच्या रांगेकडे बघायचा, उतरायची तयारी करायचा, आणि मग काहीतरी सुचायचं. गर्दी आहे. प्रेमासमोर कसं बोलणार. आणि तसं बघितलं तर असे फिल्टर घातलेले हजार टेम्पो मुंबईत पळतायत, कुठे सगळ्यांची इंजिनं बसली? पहिले दोन आठवडे प्रेमा टेम्पोचा विषय काढायची, नंतर तिनंही सोडून दिला. सरूबाई काही म्हणत नाही म्हणजे गाडी ठीक असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. ठरवायला काय जातं? मासे मात्र दर रविवारी पहिल्यासारखेच येत होते, आणि दर रविवारी त्याच्या पोटाला काहीतरी होत होतं.

दहाव्या रविवारी प्रेमाचा गुडघा सुजला. पाय खाली टेकवेना. तिनं त्याच्या हातात पिशवी दिली. "आज तुम्ही जा. आत जावं लागेल हं, बाहेर बसून चालणार नाही. नुसती पिशवी पुढे करा आणि मध्ये बोलू नका."

चंद्रप्रकाशनं डिकीतून डबा काढून पिशवीत टाकला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून आत गेला. लादी ओली होती. सरूबाई रांगेत शेवटून तिसरी, ओट्यावर मांडी घालून बसलेली. हातात कोयता, समोर सुरमई. तिच्याकडे गिऱ्हाइकं होती म्हणून तो खांबाला टेकून उभा राहिला. गिऱ्हाइकं गेली तरी उभाच राहिला. शेवटी तिनंच बघितलं.

"ये. प्रेमा नाय आली?"

"गुडघा सुजलाय."

"निर्गुडीचा पाला लाव म्हनावं गरम करून." तिनं हात पुढे केला. "दे पिशवी."

त्यानं पिशवी दिली नाही. आतून डबा काढून ओट्याच्या कडेला ठेवला. डब्यावर लगेच मासळीच्या पाण्याचे थेंब उडाले.

"मावशी," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. तिन्ही फिल्टर बसतात तुमच्या गाडीला. मी हलका घातला. हा चांगला आणलाय. आमचा मेकॅनिक येऊन बसवून देईल."

दहा आठवडे त्यानं हे मनात घोळवलं होतं. ती ओरडेल असं वाटलं होतं. कोळणीच्या तोंडी लागणं म्हणजे काय, ते सगळी मुंबई जाणते, आणि खरं सांगायचं तर त्याला ते हवं होतं. चार लोकांत शिव्या बसल्या की फिटंफाट झाली असती, निदान आपला दंड भरला असं तरी वाटलं असतं.

सरूबाईनं कोयता चालू ठेवला. "ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"तिसऱ्या आठवड्यात गाडी सकालची चालू केली का खडखड वाजाय लागली. मितेश दुसरीकडं घेऊन गेला. तिथल्या मिस्त्रीनं तुझा डबा कापून दाखवला आमाला. कागद असा, हातात सुटून यायचा. त्यानंच सांगितलं, बसतान सगलेच. त्याच दिवशी बदलला आमी."

चंद्रप्रकाशनं आठवड्यांचा हिशोब केला. तिसरा. म्हणजे त्यानंतर सात रविवार. सात रविवार प्रेमा ह्या ओट्यापुढे पिशवी धरून उभी होती, आणि हिला सगळं ठाऊक होतं. पापलेटं, हलवा, एकदा तर वाटा भरून तिसऱ्या शिंपल्या, सगळं तिच्या हातून ठाऊक असताना पिशवीत पडलं होतं.

"मग तुम्ही प्रेमाला..."

"तिला कशाला? तिनं केलाय काय?"

"पण इतके रविवार म्हावरं चांगलंच देत होता तुम्ही."

आता मात्र सरूबाई थांबली. तिनं कोयता खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "तुला वाटतं का तुझ्यासाठी देते? ती पिशवी उघडी धरते माझ्यापुढं. तिच्या पिशवीत मी वंगाल कसा टाकीन? तू खातस त्यातला, त्याला माझा इलाज नाय."

शेजारच्या ओट्यावरची बाई बर्फ फोडायची थांबली होती. चंद्रप्रकाशची मान खाली गेली. मेल्याहून मेल्यासारखं होणं हे तो आजवर नुसतं बोलत आला होता.

"हा फिल्टर तरी ठेवा," तो म्हणाला.

"काय करू? गाडीला हाय. एक सांग मना." हे तिनं भाव विचारावा तसं विचारलं, आवाज न चढवता. "मी प्रेमाच्या वलखीची नसते, तर तू आला असतास?"

त्यानं तोंड उघडलं. 'आलो असतो' म्हणायला काय लागत होतं? दोन शब्द. पण त्याच्या डोळ्यांपुढे एकेक गाडी यायला लागली. भाजीचा टेम्पो चालवणारा तो बुटका. शाळेच्या पोरांची व्हॅन असलेला, दर वेळी त्याला "साहेब" म्हणणारा. जोगेश्वरीचा बिसलेरीचे जार पोचवणारा, ज्यानं इंजिन खोलावं लागलं म्हणून येऊन उलट ह्यालाच विचारलं होतं की माझं काय चुकलं हो. त्यालाही चंद्रप्रकाशनं वरून सांगितलं होतं की गाडी जपून चालवत जा. त्यांतल्या एकासाठीही त्याच्या घशात कधी घास अडकला नव्हता. त्यांच्या घरून त्याच्या घरी मासे येत नव्हते, एवढाच काय तो फरक.

"नाही," तो म्हणाला. "नसतो आलो."

सरूबाईनं मान हलवली. ती रागावलेली दिसली नाही, हळहळलेलीही नाही. तिनं सुरमईच्या तुकड्या पिशवीत घातल्या, डोकं वेगळं बांधून दिलं, आणि वर डबाही पिशवीत ठेवला. पैसे घेतले ते नेहमीएवढेच.

"घरी बोलू नको," ती म्हणाली. "तिला समजला तर ती लाजंल माझ्याकडं यायला. बावीस वर्सांची वलख आमची. तुझ्यापायी तुटायला नको."

"पण मला सांगायचंय तिला," चंद्रप्रकाश म्हणाला. खरंच त्याला सांगायचं होतं. सकाळी निघताना त्यानं ठरवलं होतं, इथे बोलायचं, मग घरी बोलायचं, म्हणजे सगळं स्वच्छ.

"तुला हलका व्हायचाय," सरूबाई म्हणाली. "तिला कशाला वझा देतस? तुझा तू वागव." आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत तिनं दुसऱ्या बाईला विचारलं, "बोल गं, काय देऊ?"

तो बाहेर आला. स्कूटरवर बसल्यावर त्यानं हेल्मेट घातलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला कळलं की सगळ्या बाजारातून हे हेल्मेट किती स्पष्ट दिसत असेल.

घरी प्रेमा भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. त्यानं डबा आधीच डिकीत टाकला होता. तिनं पिशवी उघडून बघितली आणि समाधानानं मान डोलावली.

"बघा, तुम्ही गेलात तरी कशी दिलीय. काय म्हणाली सरूबाई?"

"गुडघा कसा आहे विचारत होती. निर्गुडी लाव म्हणाली."

"आणि?"

चंद्रप्रकाश हात धुवत होता. साबण लावून झाला होता, तरी त्यानं परत लावला. "आणि काही नाही," तो म्हणाला.

प्रेमानं बसल्या बसल्या तुकड्यांना तिखट-मीठ लावलं, रव्यात घोळवून तळल्या, कढी केली. लाजेनं माणूस मरत नाही, हीच तर अडचण आहे; दुपार झाली की पानावर बसावं लागतं. तो बसला. प्रेमानं मधली मोठी तुकडी त्याच्या ताटात वाढली आणि खुर्चीवर पाय लांब करून बसली. "आज पोट बरं आहे ना तुमचं?" तिनं विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. त्यानं तुकडी मोडली, काटा बाजूला काढला आणि खाली मान घालून खाल्ली. ती चांगली होती. प्रेमानं दुसरी वाढली, तेव्हा त्यानं नको म्हटलं नाही.